फर्दापूर आणि मराबार : युरोपीय मानवतावादाच्या अरिष्टाची एक उपेक्षित पूर्वपीठिका

दोन महायुद्धांदरम्यानच्या युरोपीय कादंबरीतील मानवतावादाच्या अरिष्टाची चर्चा मराठीत बहुधा रेमार्कपासून सुरू होते आणि काम्यूपाशी येऊन थांबते. खंदक, विषवायू, छिन्नविच्छिन्न देह, निरर्थकतेची जाणीव आणि शेवटी अस्तित्ववाद असा तिचा क्रम ठरून गेला आहे. हा क्रम चुकीचा नाही. परंतु त्यात एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो. जे कोसळले असे म्हटले जाते ते नेमके काय होते? प्रबोधनकाळापासून चालत आलेली 'मानव' ही संकल्पना १९१४ पूर्वीच्या दशकात कोणत्या स्वरूपात, कोणत्या कामांत, कोणत्या माणसांच्या व्यवहारात जिवंत होती, हे पाहिल्याखेरीज तिच्या पडझडीचे मोल ठरवता येत नाही. आणि ते पाहू गेल्यास पॅरिस वा व्हिएन्नाप्रमाणेच निजामाच्या राज्यातील एका लहानशा गावाकडेही वळावे लागते. ते गाव म्हणजे अजिंठ्याच्या घाटाखालचे फर्दापूर.

मोगलकालीन सराईचे हे गाव अजिंठ्याच्या लेण्यांना सर्वांत जवळचे. खानदेशातील ब्रिटिश मुलूख येथून हाकेच्या अंतरावर. रेल्वेने जळगावपर्यंत येऊन पुढे बैलगाडीने वा घोड्यावरून येणाऱ्या प्रवाशाचा मुक्काम येथेच पडे. १९०९-१० आणि १९१०-११ या दोन हिवाळ्यांत ख्रिस्तियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीची छावणी फर्दापुरास होती. नंदलाल बोस, असितकुमार हलदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा हे अवनींद्रनाथांच्या परंपरेतील तरुण, हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि महंमद फजलुद्दीन, इंग्लंडहून आलेली डोरोथी लार्चर, असा हा परिवार तंबूंतून राहत असे. रोज वाघूर नदीचे पात्र ओलांडून लेण्यांत जायचे, शिड्या लावायच्या, वटवाघळे आणि आग्यामोहोळे यांच्या सान्निध्यात अंधूक प्रकाशात भिंतींवरून रेषा उतरून घ्यायच्या, असा त्यांचा दिनक्रम होता. भगिनी निवेदिता आणि जगदीशचंद्र बोस १९०९ च्या नाताळात तेथे येऊन गेले. पुढल्या हंगामात विल्यम रोदेनस्टाइन आला.

अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारी हेरिंगहॅमबाई पहिली नव्हे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून कित्येक वर्षे हेच काम केले आणि त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. गिल व ग्रिफिथ्स यांच्यासमोर प्रश्न नोंदीचा होता, जे नष्ट होत आहे ते जतन करण्याचा होता. फर्दापूरच्या छावणीमागचा हेतू निराळा आहे आणि तो समजण्यासाठी लंडनमधील एक वाद ध्यानात घ्यावा लागतो. जानेवारी १९१० मध्ये रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या सभेत सर जॉर्ज बर्डवुड यांनी भारतात 'ललितकला' अशी काही नाहीच असे प्रतिपादन करताना ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. रोदेनस्टाइनप्रभृतींनी 'टाइम्स'मधून जाहीर निषेध केला आणि त्याच वर्षी 'इंडिया सोसायटी' स्थापन झाली. हेरिंगहॅमबाई तिच्या संस्थापकांपैकी एक होत्या. म्हणजे फर्दापूरला जे चालले होते ते केवळ चित्रांचे अनुकरण नव्हते; हिंदी माणसाने चितारलेला माणूस हा 'मानव' या सार्वत्रिक कोटीत बसतो, याचा पुरावा तेथे गोळा होत होता.

हा पुरावा कोणत्या दृष्टीने गोळा झाला हे अधिक उद्बोधक आहे. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराच्या कलाविषयक ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर हेरिंगहॅमबाईंनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केले होते; टेम्परा रंगपद्धतीच्या पुनरुज्जीवनात त्यांचा पुढाकार होता; १९०३ साली इंग्लंडमधील कलावस्तू परदेशी जाऊ नयेत म्हणून निघालेल्या राष्ट्रीय कलानिधीमागे त्यांची प्रेरणा होती; स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीशीही त्यांचा संबंध होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या उदारमतवादी मानवतावादाची जवळजवळ सगळी कलमे या एका व्यक्तीत एकत्र आलेली दिसतात. जोत्तोनंतरच्या इटलीतील भित्तिचित्रे पाहून घडलेली नजर घेऊन त्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना तेथे चेहरा दिसला, वळलेली मान दिसली, अंगुलीनिर्देशातील भाव दिसला. फ्लॉरेन्स आणि अजिंठा यांच्यामध्ये त्यांना दुभाषा लागला नाही.

परंतु दुभाषा न लागणे ही नेहमीच समजुतीची खूण असते असे नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर मनुष्य केंद्रस्थानी आहे, हेच मुळात अर्धसत्य आहे. जातककथांचे विश्व मनुष्यापाशी थांबत नाही. षड्दंत हत्ती हा तेथे बोधिसत्त्व आहे आणि शिकारी माणूस त्याच्यापुढे नैतिकदृष्ट्या ठेंगणा आहे. माणूस ही या दीर्घ जन्मशृंखलेतील एक कडी. सर्व मूल्यांचे मोजमाप करणारी पट्टी नव्हे. दुसरीकडे, सतराव्या लेण्यातील सिंहलाची कथा पाहावी. नौकांत चढवलेले हत्ती, भाले, ध्वज आणि किनाऱ्यावरील रणधुमाळी असलेला हा पट भारतीय चित्रकलेतील युद्धाच्या अत्यंत प्रभावी चित्रणांपैकी एक आहे. ज्यांच्यावर सिंहल चालून जातो त्या राक्षसी आहेत, त्या नरभक्षक आहेत. शत्रूला मानवकोटीतून आधी वगळल्याशिवाय हे युद्ध निर्वेधपणे चितारताच आले नसते. १९१४ च्या ऑगस्टनंतर युद्धप्रचाराच्या भित्तिपत्रकांतून जर्मन सैनिकाचे जे वानररूप रंगवले गेले त्याची युक्ती यापेक्षा फारशी वेगळी नाही. हेरिंगहॅम-रोदेनस्टाइन वर्तुळाने अजिंठ्यात करुणा पाहिली आणि ती तेथे आहेच. मात्र जिला त्यांनी मानवतेचे चित्र म्हटले त्या भिंतीवर माणसाच्या सीमा कोण ठरवतो हा प्रश्नही रंगवलेला होता. तो त्यांच्या वाचनात आला नाही.

यानंतरचा घटनाक्रम एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर टीकाकारांनी त्याला अतिरेकी म्हटले असते. १९११ साली मायदेशी परतताच हेरिंगहॅमबाईंना कोणीतरी पाठलाग करीत असल्याचे भास होऊ लागले. त्यांचे उर्वरित आयुष्य मनोरुग्णांच्या शुश्रूषागृहांत गेले आणि १९२९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. १९१४ साली, युद्धाच्या पहिल्याच महिन्यांत, त्यांचा मुलगा पश्चिम आघाडीवर मारला गेला. पती विल्मट हेरिंगहॅम हे वैद्य. ते फ्रान्समध्ये लष्करी वैद्यकीय सेवेत गेले आणि विषवायूने होरपळलेल्या सैनिकांवर उपचार करू लागले. आणि १९१५ साली, याच काळात, इंडिया सोसायटीने ऑक्सफर्डतर्फे 'अजंठा फ्रेस्कोज' हा देखणा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील प्रास्ताविक निबंधांच्या लेखकांत लॉरेन्स बिन्यन होता. सप्टेंबर १९१४ मध्ये मृत सैनिकांवर लिहिलेली आणि पुढे अनेक स्मारकशिलांवर कोरली गेलेली कविता याच बिन्यनची. एकच लेखणी एका हाताने मानवमात्राच्या एकत्वाची ग्वाही देत होती आणि दुसऱ्या हाताने मृतांच्या संख्येला अर्थ पुरवत होती. यात दांभिकपणा नव्हता. म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. जो मानवतावाद युद्धाला नकार देऊ शकत नव्हता आणि युद्धाचे समर्थनही मनापासून करू शकत नव्हता, त्याचा हा प्रामाणिक आलेख आहे.

युद्धोत्तर कादंबरीने हाच आलेख निर्ममपणे तपासला. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या टॉमस मानच्या 'द मॅजिक माउंटन'मध्ये सेत्तेम्ब्रीनी हा इटालियन साहित्यिक प्रबोधनाचा वारसा घेऊन बोलत असतो. मानवी दुःखांचा कोश रचून दुःखनिर्मूलन करू पाहणाऱ्या संस्थेच्या कामाला त्याने स्वतःला वाहून घेतले आहे. द्वंद्वयुद्धात तो पिस्तूल हवेत झाडतो आणि प्रतिपक्षी नाफ्टा स्वतःलाच गोळी घालतो. हा प्रसंग मानवतावादाचा विजय आहे की निरुपयोगिता, हे मानने ठरवून दिलेले नाही. नायक कास्टोर्प अखेर रणांगणाच्या चिखलात वाचकाच्या नजरेआड होतो, एवढेच तो दाखवतो. १९२९ साली पुस्तकरूपाने आलेल्या रेमार्कच्या कादंबरीत तोफगोळ्याने झालेल्या खड्ड्यात बॉयमर हा तरुण एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि मग त्याच्या खिशातील पाकिटातून त्याला कळते की मेलेला माणूस मुद्रणालयातील जुळारी होता. त्या मृतदेहाला तो वचने देतो. दुसऱ्या दिवशी आपल्या तुकडीत परतल्यावर ती वचने विरून जातात. समीक्षकांनी या प्रसंगातील बंधुभावाच्या साक्षात्काराचे पुष्कळ कौतुक केले आहे. त्या साक्षात्काराचे आयुष्य एक रात्र आहे, ही त्यातील खरी भयानक गोष्ट. शत्रूचा चेहरा दिसला की वैर मावळते, हे फर्दापूरच्या छावणीचेही गृहीतक होते. रेमार्क सांगतो, चेहरा दिसतो, परंतु दिसण्याने काही बदलत नाही.

या पार्श्वभूमीवर ई. एम. फॉर्स्टरची 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) युद्धविषयक कादंबऱ्यांच्या रांगेत बसवणे प्रथमदर्शनी धाडसाचे वाटेल. तीत युद्ध नाही. तथापि तिची जन्मकथा युद्धाने दुभंगलेली आहे. १९१२-१३ च्या पहिल्या भारतप्रवासानंतर फॉर्स्टरने ती लिहावयास घेतली, प्रारंभीची प्रकरणे लिहिली आणि सोडून दिली. युद्धकाळात तो अलेक्झांड्रियात रेडक्रॉसच्या कामावर होता. इस्पितळांतील सैनिकांकडून बेपत्ता सहकाऱ्यांची माहिती काढणे हे त्याचे काम. १९२१ मध्ये तो पुन्हा भारतात आला तो देवास थोरली पाती या मराठी संस्थानचे अधिपती तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून. कादंबरी पुरी झाली ती त्यानंतर. युद्धापूर्वी जिथे लेखणी अडली होती त्या टप्प्यावर गुहा होत्या.

श्रीमती मूर या पात्रामागे हेरिंगहॅमबाईंची स्मृती असावी असे अभ्यासकांनी सुचवले आहे. वयस्क, सहृदय इंग्रज स्त्री, गुहेतील अनुभव, त्यानंतर मनाचे ढासळणे, ही साम्ये डोळ्यांत भरतात खरी. तरीही पात्रांचे मूळ नमुने हुडकण्याची विद्यापीठीय हौस येथे आवरलेली बरी. नमुना सापडल्याने कादंबरीचा अर्थ वाढत नाही, बहुधा आकसतोच. खरा महत्त्वाचा आहे तो फॉर्स्टरने केलेला गुहांचा पर्याय. त्याच्या मराबारचे मूळ बिहारमधील बराबरच्या गुहांत आहे. त्या गुळगुळीत घासलेल्या, आतून रिकाम्या आहेत. तेथे चित्र नाही, मूर्ती नाही, चेहरा नाही. अजिंठ्याची ख्याती इंडिया सोसायटीच्या वर्तुळाने इंग्लंडभर पसरवली असताना या लेखकाने आपल्या कादंबरीच्या मध्यभागी मनुष्याकृतीचा लवलेश नसलेली पोकळी ठेवली. फर्दापूरच्या मंडळींना भिंतीवर माणूस भेटला होता; मराबारमध्ये काडी ओढली तर भिंतीत त्याच ज्योतीचे प्रतिबिंब दिसते आणि कोणताही शब्द उच्चारला तरी एकच बोदा नाद परत येतो. प्रार्थना, शिवी, काव्य, सर्वांचा प्रतिध्वनी सारखाच. श्रीमती मूर यांच्या श्रद्धेला या नादाने तडा जातो तो त्यातील दुष्टपणामुळे नव्हे, भेद नाहीसा झाल्यामुळे. सर्व माणसे समान आहेत हे मानवतावादाचे उदात्त वचन आणि सर्व काही सारखेच निर्मूल्य आहे हे शून्यवादाचे वचन यांतील अंतर त्या गुहेत पुसले जाते. युद्धाने नेमके हेच केले होते. लक्षावधी मृतांच्या समानतेने समानतेचाच अर्थ बदलला होता.

फॉर्स्टर येथे थांबत नाही आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याचे पुढचे पाऊल विशेष कुतूहलाचे आहे. कादंबरीच्या तिसऱ्या भागात माऊ संस्थानातील गोकुळाष्टमीचा उत्सव येतो. देवासला १९२१ मध्ये पाहिलेल्या उत्सवावर तो आधारलेला आहे. त्यात नारायण गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण प्राध्यापक टाळांच्या ठेक्यासह उभे आहेत आणि गायकवृंद तुकारामाचा धावा करीत आहे. युद्धोत्तर इंग्रजी कादंबरीच्या अंतिम विधानात देहूच्या वाण्याने यावे, या योगायोगाची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतलेली नाही. भजनाच्या ओघात गोडबोले यांना श्रीमती मूर आठवतात, मग एक गांधीलमाशी आठवते. दोघींनाही ते आपल्या प्रेमात सामावून घेतात. मग ते दगडाकडे वळतात. तेथे त्यांचा प्रयत्न निष्फळ होतो. हा क्षण अनेकदा विनोदी म्हणून वाचला गेला. वस्तुतः मनुष्यकेंद्री मानवतावाद ज्या ठिकाणी संपतो त्याच्या पलीकडची एक शक्यता गोडबोले चाचपून पाहतात. ती षड्दंत हत्तीच्या विश्वाजवळची आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर जे होते आणि युद्धपूर्व दृष्टीला दिसले नव्हते ते या कादंबरीत, अजिंठ्याचे नावही न घेता, अर्धेमुर्धे परत आले आहे. मात्र त्याची किंमत फॉर्स्टरने चुकवली: गोडबोले हे व्यक्तिमत्त्व कधी पुरते उकलत नाही, किंचित हास्यास्पदच राहते. ज्या मराठी माणसाच्या तोंडून नवी शक्यता बोलायची त्याला इंग्रजी कादंबरीने अंतरंग दिले नाही. लेखकाची ही मर्यादा वसाहतीच्या वास्तवापासून वेगळी काढता येणार नाही.

दरम्यान फर्दापूरला नवे प्रवासी आले होते. १९२० साली निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या संचालकत्वाखाली, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. दोन हंगाम राहून त्यांनी सुटू पाहणारा रंगाचा थर भिंतीला घट्ट केला. त्याचबरोबर चित्रांवर लाखेचे रोगणही चढवले. थर वाचला. रोगण मात्र पुढे पिवळे पडले, त्यावर धूळ बसली आणि पुढील पिढ्यांना ते काढण्यात दशके घालवावी लागली. छावणीतील सय्यद अहमद पुढे याच खात्यात अजिंठ्याचे अभिरक्षक झाले. हेरिंगहॅमबाईंच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्यांना स्थान नव्हते. भिंतीशी आयुष्यभराचे नाते जोडले ते मात्र त्यांनी.

येथवरची कथा युरोपीय मनाची झाली. युद्ध केवळ युरोपीयांनी लढले नव्हते. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्याने शरणागती पत्करली आणि कैद झालेल्यांपैकी बहुसंख्य सैनिकांची वाळवंटातून जी परवड झाली तिच्यात हजारो दगावले. सातारा-रत्नागिरीच्या खेड्यांत हे मृत्यू पोहोचले. मराठी कादंबरीच्या मुख्य धारेत ते पोहोचले नाहीत. वामन मल्हार जोश्यांची 'रागिणी' १९१५ ची. तत्त्वचर्चेला कादंबरीत स्थान देणारी ती महत्त्वाची कृती. तिच्यातील सुशिक्षित मंडळी नीती, धर्म आणि स्त्रीस्वातंत्र्य यांवर तळमळीने वाद घालतात, आणि त्याच वर्षी त्यांचेच भाषाबांधव बसऱ्याहून बगदादच्या दिशेने कूच करीत असतात. वॉल्टर बेंजामिनने १९३६ सालच्या आपल्या निबंधात युद्धावरून परतलेले सैनिक अनुभवाने श्रीमंत होण्याऐवजी मुके होऊन आले असे निरीक्षण नोंदवले. मराठी सैनिकाचे मौन त्याहून निराळे होते. त्याच्याजवळ बोलण्याजोगे नव्हते असे नाही. कादंबरी लिहिणारा वर्ग आणि पलटणीत जाणारा वर्ग यांच्यात संभाषणच नव्हते. 'मानवता' हा शब्द पांढरपेशा मराठीत सुखाने नांदला, त्याला अरिष्ट भेटले नाही, यामागे हे विभाजन आहे. आणि न भेटलेल्या अरिष्टाला सांस्कृतिक आरोग्य समजण्याची चूक पुढे बराच काळ होत राहिली.

ते अरिष्ट मराठीत आले १९३९ साली, विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मधून. आणि तेही सैनिकाच्या अनुभवातून नव्हे. शीर्षकातील रणांगण म्हणजे युरोपहून मुंबईकडे निघालेली एक आगबोट. चक्रधर विध्वंस मायदेशी परतत आहे. त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू पूर्वेकडे निघाले आहेत. हा प्रवास कल्पित असला तरी त्याचा मार्ग ऐतिहासिक आहे. १९३८-३९ मध्ये इटालियन आगबोटींनी सुएझ आणि मुंबईमार्गे कित्येक ज्यू शांघायला गेले, कारण तेथे उतरण्यास परवान्याची अट नव्हती. एकूण सतरा-अठरा हजार निर्वासित त्या शहरात पोहोचले. चक्रधर आणि हर्टा यांचे मोजक्या दिवसांचे प्रेम या प्रवासात फुलते.

बेडेकरांनी या प्रेमाला मानवतेच्या विजयाचे प्रतीक होऊ दिले नाही, यात त्यांची थोरवी आहे. त्या काळातील दुसऱ्या कोणा मराठी कादंबरीकाराच्या हाती हे कथाबीज पडते तर वंशभेदावर प्रीतीने मात केली असती, नाहीतर त्यागाचे एखादे भव्य दृश्य तरी घडले असते. बेडेकरांचा निवेदक स्वतःच दुभंगलेला आहे. पूर्वीच्या प्रेमभंगाने त्याच्यात स्त्रीजातीविषयी कडवटपणा आला आहे, हर्टाच्या दुःखाला तो सहानुभूती देतो तीही अंग राखून. बोटीवर सर्व वंशांची, सर्व राष्ट्रांची माणसे एकमेकांच्या अगदी जवळ आहेत. चेहरे दिसतात, भाषा जुजबी का होईना कळते, करुणाही उपजते. रेमार्कच्या खड्ड्यातील त्या एका रात्रीला येथे काही दिवसांची मुदत मिळाली आहे एवढेच. चित्रपटातील कापलेल्या दृश्यांसारखी तुटक, वेगवान वाक्ये ही मुदत संपत आल्याची जाणीव पानोपानी देत राहतात. बेडेकर चित्रपटाच्या क्षेत्रात वावरलेले होते, हा तपशील येथे केवळ चरित्रात्मक राहत नाही.

'रणांगण' आणि फॉर्स्टरची कादंबरी एकमेकींशेजारी ठेवल्या की एक विलक्षण उलटापालट दृष्टीस पडते. श्रीमती मूर मुंबईहून पश्चिमेला निघतात आणि वाटेत बोटीवरच मरण पावतात; हर्टा मुंबईहून पूर्वेला निघते आणि तिचाही अंत समुद्रप्रवासातच होतो. पहिलीला भारताने निरुत्तर केले आहे. दुसरीला युरोपने हाकलले आहे, आणि भारत तिला ठेवून घेऊ शकत नाही, कारण भारताच्या दाराची किल्ली भारतीयांकडे नाही. १९०९ साली एक युरोपीय स्त्री कोणाच्या परवानगीची फारशी विवंचना न करता मुंबई बंदरात उतरली, फर्दापूरला तंबू ठोकून राहिली आणि परक्या लेण्यांत तिने 'मानव' शोधला. तीस वर्षांनंतर दुसरी युरोपीय स्त्री त्याच बंदरात बोटीच्या कठड्याशी उभी आहे. चक्रधर ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन, पराधीन देशाचा रहिवासी. तो सामान घेऊन उतरतो, कारण उतरण्याचा हक्क नोंदवलेला कागद त्याच्या खिशात आहे. त्यानंतर कादंबरीत हर्टा उरते ती मागाहून येणाऱ्या पत्रांतून, आणि ती पत्रे वाचणारा माणूस घरी सुखरूप बसलेला आहे.